पुंता आरेनासला जाणारी बस

कोलशेत, ठाणे
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

सुशांत भाऊजी,

नमस्कार. दचकू नका, आधी पत्र पूर्ण वाचा.

ह्यांना जहाजावरून उतरवून तुमच्या चिलीतच, पुंता आरेनास नावाच्या गावी इस्पितळात ठेवलंय. पोटात दुखत होतं ते ह्यांनी इंजिनरूममध्ये तसंच अंगावर काढलं आणि अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालंय. कंपनीच्या ऑफिसातला माणूस फोनवर ‘स्टेबल आहेत मॅडम’ एवढंच म्हणतो. पुढे काही विचारलं की तेच परत म्हणतो.

आईंना मी फोनवर नकाशा दाखवला. तुमचं सांतियागो आणि ते पुंता आरेनास एकाच देशात आहे हे कळल्यावर त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. म्हणाल्या, “मंग काय, आपला सुशांत हाय ना थयं. सकालचा जा नं सांचा ये म्हनावं त्याला.” त्यांच्या हिशेबी ते कळव्याहून कोलशेतला येण्याइतकंच. मी काही समजावत बसले नाही. तिकडे आपलं म्हणावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही, एवढं खरं आहे. पोचलात की व्हिडिओ कॉल लावून आधी ह्यांचं तोंड दाखवायचं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलंय.

रविवारी संचिताचं लग्न आहे हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या वैशाखात तारीख धरली होती, आठवडाभर आधी ह्यांचे आणि तिचे बाबा गेले आणि सगळं पुढे ढकललं. आता पुन्हा काही विघ्न आलं तर आंबिवलीची माणसं थांबायची नाहीत असं कानावर येतंय. नवऱ्यामुलाची, म्हणजे दर्शनची आजी म्हणाली म्हणे, पोरीचा पायगुण बघा. काळुराम काकांनी ऐकून येऊन आईंना सांगितलं. तेव्हापासून आई देवापुढून उठत नाहीत आणि संचिता खोलीतून बाहेर येत नाही. ह्यांना काही होऊ नये, लग्न नीट पार पडावं, इतकंच आमचं मागणं आहे.

नेहमीसारखं लिहूनच पाठवा. आईंना फोनवरचं ऐकू येत नाही. शिवाय बाबा बोटीवर होते तेव्हापासून या घरात आलेलं पत्र पडवीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं असा रिवाजच आहे, मग ते ईमेलनं आलेलं का असेना. वाचायचं काम माझ्याकडे आहे.

तुमची वहिनी,
दक्षता


सांतियागो
सोमवार, १० फेब्रुवारी

दक्षता वहिनी, आणि पडवीत बसलेले सगळे,

मामीला माझा वाकून नमस्कार सांगा. तिला म्हणावं, सकाळी जाऊन संध्याकाळी येण्यासारखं हे नाही, पण फार काही कठीणही नाही. हा देश लांबच लांब आणि अरुंद आहे. मी मधोमध आणि दिपेश पार तळाला. सरळ रेषेत बावीसशे किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून उडालात तर गुवाहाटी ओलांडाल. रस्त्यानं तर देशातल्या देशात जाताच येत नाही. खाली डोंगर आणि बर्फ, त्यामुळे शेजारच्या अर्जेंटिनात शिरायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. मी इतकी वर्षं इथे राहून कधी त्या टोकाला गेलेलो नाही.

पण विमानानं साडेतीन तास लागतात. उद्या पहाटेचं तिकीट काढलंय. तेव्हा तुमच्याकडे दुपार असेल. दिवेलागणीपर्यंत मी तिथे उतरलेला असेन. विमानाचा नंबर खाली लिहितोय. दिपेशला भेटलो की कळवतोच.

लग्नाचं काम थांबवू नका. अपेंडिक्सनं आजकाल कुणाला काही होत नाही. संचिताला सांगा, तुझा हा आतेभाऊ हळदीला फोनवरून नाचेल.

सुशांत


सांतियागो, बसस्थानक
बुधवार, १२ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला, रागावू नका. कालचं विमान उडालंच नाही. दक्षिणेत इतका वारा होता की आम्हाला दिवसभर विमानतळावर बसवून ठेवलं आणि शेवटी घरी जा म्हणाले. आता पुढची सगळी विमानं भरलेली आहेत. इथे सध्या उन्हाळ्याची सुट्टी, जो तो खाली बर्फ बघायला निघालाय.

म्हणून बसनं जायचं ठरवलंय. आधी ओसोर्नो नावाच्या गावी जायचं, तिथून दुसरी बस अर्जेंटिनातून फिरून पुंता आरेनासला जाते. ती रोज सुटत नाही, त्यामुळे मध्ये थांबावं लागेल. रविवार उजाडेल असं धरून चाला.

इस्पितळात फोन केला होता. दिपेशला औषध देऊन झोपवून ठेवलंय. तो बोलू शकत नाही आणि नर्स खोलीत फोन नेऊ देत नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती हेच औषध. तेव्हा मामीला म्हणावं, तोंड दाखवायचं काम मी पोचल्यावर. वाटेत नेटवर्क मिळेल तिथून लिहीन. कंपनीलाही सांगितलंय की तुम्हाला उगाच फोन करू नका, घरी लग्न आहे, जे काही असेल ते मला कळवा.

सुशांत


कोलशेत
गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुशांत भाऊजी,

तुमचं पत्र काल पडवीत वाचलं. सगळे होते. काळुराम काका आले होते, मांडववाला पैसे न्यायला आलेला तोही ऐकत उभा राहिला.

आईंनी विचारायला सांगितलंय की बसमध्ये जेवायला काय देतात, आणि झोपायला मिळतं की बसून राहावं लागतं. त्यांना तुमचीच काळजी लागली आहे. म्हणाल्या, “पोरगा तीन दिस बसून जानार, पाय सुजतील त्याचे.” विमान नाही मिळालं याबद्दल त्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या. वारा त्यांना कळतो. बाबांबरोबर खाडीत होडी घेऊन जायच्या, त्यामुळे वाऱ्यानं उडू दिलं नाही यात त्यांना नवल वाटलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे. उद्या कासार येतोय. परवा हळद. पाच सवाष्णी ठरल्या आहेत, त्यात मी आहे. मटणाची ऑर्डर वाढवली, कारण आंबिवलीहून जास्त माणसं येणार म्हणून निरोप आला. संचिता आता बाहेर येऊन बसते. काल पहिल्यांदा हसली.

तुम्ही घाई करू नका. वाटेत नीट जेवा, झोपा. रविवारी संध्याकाळी पोचलात तरी चालेल.

दक्षता


अर्जेंटिना, रस्त्यातला एक पेट्रोल पंप
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वहिनी,

दहा मिनिटं थांबलोय म्हणून लिहितोय.

मामीला सांगा, बसून जायचं असलं तरी खुर्ची मागे सपाट होते. जेवायला पाव, चीज आणि एक गोड बिस्किट. शेजारी एक म्हातारी आहे, नातवाकडे चाललीय. तिच्याकडे भोपळ्याच्या छोट्या भांड्यात कसला तरी पाला घातलेला कडू चहा आहे, त्यात नळी बुडवून ती पिते आणि मग तीच नळी माझ्यापुढे करते. नको म्हटलं तर तिला राग येतो. आता मला तो चहा आवडायला लागलाय.

बाहेर काहीच नाही. झाड नाही, घर नाही, वळणसुद्धा नाही. पिवळं गवत वाऱ्यानं एकाच बाजूला झोपलेलं. मधेच शहामृगासारखे पक्षी बसबरोबर पळतात आणि कंटाळून थांबतात. म्हातारीनं त्यांचं नाव सांगितलं, मी विसरलो. मी दिपेशला सांगणार आहे की तुझ्यामुळे मला हे सगळं बघायला लागलं.

हळदीला माझ्या नावानं दोन घास जास्त खा. इस्पितळात सकाळी बोललो, तसाच आहे, झोपलेला.

बस हॉर्न देतेय.

सुशांत


कोलशेत
सोमवार, १७ फेब्रुवारी

सुशांत,

हे पत्र पडवीतलं नाही, म्हणून भाऊजी आणि तुम्ही सोडून देते. कळव्याच्या शाळेत एका वर्गात होतो तेव्हासारखं लिहिते. तुझं उत्तरही मी एकटीच वाचणार आहे.

काल लग्न लागलं. संचिता आंबिवलीला गेली. जाताना दिपेशच्या फोटोकडे बघून, “दादाला सांग मी रडले नाही” म्हणाली. काही कमी पडलं नाही, कुणी रुसलं नाही.

आता सांग. दिपेश कधी गेला?

मंगळवारी मी तुझ्या विमानाचा नंबर फोनवर टाकला होता. सुकट निवडत बसले होते आणि फोन शेजारी होता. नकाशावर ते छोटं विमान खाली खाली सरकत होतं. मधून मधून हात पुसून बघत होते. दिवे लावायच्या वेळी ते उतरलं. उतरलं असं खाली अक्षरात लिहूनही आलं. मला फार बरं वाटलं, की दिपेशजवळ आपलं माणूस पोचलं.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, विमान उडालंच नाही. ते मी पडवीत उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवत होते. तिसऱ्याच वाक्याला मला कळलं. जिवंत माणसाकडे जायला साडेतीन तास पुरतात, सुशांत. आणि पुढे तर तू रविवारपर्यंतचा वेळ मागितलास. मी थांबले असते तर सगळ्यांनाच कळलं असतं, म्हणून वाचत राहिले. ‘बर्फ बघायला निघालाय’ इथे काळुराम काका हसले, तेव्हा मीही हसले.

तू हे का केलंस ते मला समजलं. तू पोचलो म्हटलं असतंस तर आईंनी तोंड दाखव म्हटलं असतं. सुतक लागलं असतं, मांडव उतरवला असता आणि संचिताच्या पायगुणावर कायमचा शिक्का बसला असता. मी पण तोच विचार केला. म्हणून गप्प बसले. पण तू ठरवलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. नवरा माझा गेला होता.

शुक्रवारी कासारानं हिरवा चुडा भरला. माझ्या हाताला बांगडी चटकन चढली, एकही फुटली नाही, तो म्हणाला, नशीबवान आहात. शनिवारी संचिताला हळद लावली, मग बायकांनी मला लावली. हळदीची गाणी म्हणायला धवलारीण आली होती. ती गाण्यात घरातल्या जोड्यांची नावं गुंफते, तिनं माझं आणि दिपेशचं नाव गुंफलं. सगळ्याजणी माझ्याकडे बघून ओरडल्या. मी लाजले. व्हिडिओत आहे ते, कुणीही बघू शकेल.

मला काही वाटत नव्हतं. मोठा धीर दाखवला असं समजू नकोस. दात काढायच्या आधी सुई देतात, मग आपलं तोंड आपलं राहत नाही, तसं सगळं अंग झालंय. अजून तसंच आहे. मी जेवते, झोपते, पाहुण्यांची भांडी मोजून परत करते.

आईंना अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन. कधी गेला, त्याच्याजवळ कोण होतं, काही बोलला का, ते लिही. आणि त्याला इथे आणायला खरंच किती वेळ लागतो तेही सांग.

दक्षता


पुंता आरेनास
सोमवार, १७ फेब्रुवारी

दक्षता,

तुला माहीत होतं, आणि मी त्या म्हातारीच्या चहाबद्दल लिहीत होतो.

मंगळवारी मी वेळेवर उतरलो. टॅक्सी करून थेट इस्पितळात गेलो. दिपेश जागा होता. मला बघून म्हणाला, “तू कशाला आलास रे एवढ्या लांब?” पोट फुगलेलं होतं आणि ताप होता, पण बोलत होता. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, विष रक्तात गेलंय. आम्ही दुपारभर बोललो. संध्याकाळी त्याला गुंगी आली, तिथून तो परत शुद्धीवर आला नाही. अंधार पडायच्या आत गेला. माझा हात त्याच्या हातात होता. एकटा नव्हता तो.

तो दोन गोष्टी बोलला. एक म्हणजे, “माझं काहीही झालं तरी संचीचं लग्न थांबवायचं नाही.” दुसरी तुझ्यासाठी. “दक्षूला सांग, ही शेवटची बोट. आता घरीच राहणार, कोलशेतलाच काहीतरी धंदा बघतो. तिला म्हणावं, तू जिंकलीस.”

पहिल्या गोष्टीमुळे मी ते सगळं केलं. त्याचा शब्द होता. तुला विचारायला हवं होतं, हे आता कळतंय. पण तुला विचारणं म्हणजे तुला सांगणंच होतं, आणि सांगून तुला हळदीला उभं करायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला वाटलं, निदान एवढे दिवस तरी तू सवाष्ण म्हणून सुखात राहशील. त्या बसची सगळी हकीकत मी इथल्या लॉजच्या खोलीत बसून लिहिली. इथल्या लॉजवाल्याचा भाऊ त्या बसवर ड्रायव्हर आहे, त्याला विचारून विचारून लिहिली.

खरं विचारलंस म्हणून सांगतो. इथून सांतियागो तेच साडेतीन तास. तिथून युरोपातून मुंबई, दीड दिवस. पण मेलेल्या माणसाला विमानात बसायला इथल्या कचेऱ्यांच्या सह्या लागतात, वकिलातीचा कागद लागतो. आठवडाभर तरी जाईल. तो निघेल त्याच विमानात मीही असेन.

मामीसमोर माझ्या वाटची बोलणी खाऊ नकोस. मी आल्यावर माझी मी खाईन.

सुशांत


कोलशेत
सोमवार, १० मार्च

सुशांत,

तू दिपेशला घेऊन आलास, खांदा दिलास आणि रजा संपली म्हणून तिसऱ्या दिवशी परतलास. तोंडानं बोलायला वेळ मिळाला नाही. घर माणसांनी भरलेलं होतं. तू आईंच्या पायांशी बसला होतास तेव्हा मी दारात होते, पण आत आले नाही. आता दहावा-तेरावा सगळं उरकलं, म्हणून लिहायला बसले.

आईंना मी मंगळवारी सांगितलं होतं, तुझं पत्र आल्यावर. त्यांनी आधी माझे हात धरले आणि बांगड्यांकडे बघितलं. म्हणाल्या, “ह्या घालून तू नाचलीस?” मी हो म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं त्या एकेक करून उतरवल्या, फोडू दिल्या नाहीत कुणाला. त्या दिवसापासून त्या माझ्याशी चांगलं वागतात. मला त्याचंही काही वाटत नाही.

दर्शनची आजी आली होती, मालनबाई. आईंच्या शेजारी बसली आणि सरळ म्हणाली, “मी पायगुण बियगुण कदीच बोलले नाय. आमच्या घरात मरण नाय होत काय? आम्ही थांबलो असतो.” काळुराम काका तिथेच होते. खाली मान घालून चहा पीत राहिले. त्यांना कुणी सांगितलं ते त्यांना आठवत नाही म्हणे.

म्हणजे आपण ज्याच्यासाठी एवढं केलं, तसं काही नव्हतंच.

संचिता अग्नीच्या दिवशी आली. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीनच दिवस, असं बायकांनी तिला सांगितलं. चौथ्या दिवशी दर्शन तिला न्यायला आला तेव्हा ती उठली नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाली, “वहिनी, रविवारी सकाळी मी या घरातली होते. तेव्हा सांगितलं असतं तर दादासाठी मला दहा दिवस मिळाले असते. मला कुणी विचारलं?” मी तुला जे लिहिलं होतं तेच ती मला म्हणाली. दर्शन बिचारा पडवीत बसून राहिला, मग एकटाच परत गेला. ती दहा दिवस इथेच राहिली. माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या ताटात वाढते.

आता शेवटचं. दिपेशच्या दोन गोष्टी तू लिहिल्या होत्यास. त्या मी आईंना सांगितल्या आणि त्यांनी मानल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, माझा पोरगा जाताना बहिणीचं बघून गेला म्हणून. त्यांना त्यानं बळ येतं, आणि ते कुणी काढून घेऊ नये.

मला मात्र मानता येत नाहीत. तुझ्यावर राग आहे म्हणून नव्हे, राग यायलाही काहीतरी वाटावं लागतं. पण तुझी ती बस मला दिसत होती, सुशांत. खोटी आहे हे माहीत असूनही दिसत होती. ती म्हातारी, तो चहा, ते पळणारे पक्षी. वाचताना दोन-तीनदा मी विसरून गेले की दिपेश नाही, आणि वाटलं की तू रविवारी त्याच्याजवळ पोचशील. आता दिपेशचं बोलणं वाचते तर तेही तसंच दिसतं, त्याच्या आवाजात ऐकू येतं. त्यातलं पहिलं वाक्य तुला हवं होतं तेच आहे. दुसरं, मी दोन वर्षं त्याच्याकडून मागत होते ते.

खरं असेल ते. पुन्हा शपथेवर लिहून पाठवू नकोस, त्यानं काही होणार नाही. तो काहीच बोलला नाही, नुसता कण्हत होता आणि गेला, असं तू लिहिलं असतंस तर मी लगेच मानलं असतं.

दक्षता